उरलेले दोन आणे

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे सहा पानी पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव आणि गाव वगळून ते संक्षेपाने देत आहे.

“ताई, सादर नमस्कार. माझे वय ५४. आमची हापूसची दोनशे कलमे आहेत. बागेचा हिशेब, फवारणी, गडी, पेट्या, वाशीच्या दलालाशी बोलणे, हे सारे गेली काही वर्षे मीच पाहते. यजमानांना सात महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट घालावा लागला. गोळ्या घ्यायला ते टाळाटाळ करतात आणि विचारले तर ‘देवाक काळजी’ एवढेच म्हणतात. म्हणून मी त्यांच्या नकळत गोळ्या कुटून सकाळच्या पेजेत घालते. मुलगा ठाण्यात नोकरीला आहे. नोकरी सोडून गावी यायचे आणि घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, असे त्याच्या मनात आहे. मला ते पटत नाही. त्याने नोकरीतच राहावे का, म्हणून ग्रामदेवतेला कौल लावला. दोनदा डावा आला, तिसऱ्यांदा उजवा आला. तोच खरा धरून मी त्याला नोकरी सोडू नको असे कळवले. रात्री झोप लागत नाही. दोन वाजता, चार वाजता उठून मोबाइलवर हवामान पाहते. एक अंदाज पटला नाही तर दुसरा उघडते. छातीत धडधडते. गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवांनी ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या अभंगावर निरूपण करताना सगळा भार देवावर टाका असे सांगितले. मी तसे करून पाहिले. फवारणी पुढे ढकलली, बागेत गेले नाही, आणि तेवढ्यात तुडतुड्याने वरच्या अंगाचा मोहोर काळा केला. माझी श्रद्धाच कमी आहे का? देवावर सोडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला कोणीतरी एकदा नीट सांगावे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या आधी दोन दिवस मी काढणी करू या म्हणत होते. फळ बारा आण्यांवरच आहे, आणखी चार दिवस राहू दे, असे हे म्हणाले. १६ मे रोजी सगळे जमिनीवर होते. पण ते आता जुने झाले.”

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न देवाविषयीचा आहे, तरी मी उत्तराची सुरुवात पेजेपासून करते, कारण देव थांबू शकतो आणि हृदयाची धमनी थांबत नाही. स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवलेली बारीक जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी जमू नये म्हणून पहिले कित्येक महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अखंड घ्याव्या लागतात आणि त्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या किंवा चुकवल्या, तर जाळी अचानक बुजण्याचा धोका खरोखरच असतो. तुमची भीती म्हणून मुळीच खोटी नाही. तिच्यावर तुम्ही काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे. काही गोळ्यांवर पोटात लगेच विरघळू नये म्हणून आवरण दिलेले असते आणि काही हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. अशा गोळ्या कुटल्या की औषधाचा हिशेबच बिघडतो. शिवाय यजमानांनी पेज अर्धी टाकली, तर अर्धे औषध कोणाच्या पोटात गेले हे परसातल्या मांजरालाच ठाऊक. डॉक्टर तर पूर्ण मात्रा चालू आहे असे धरून पुढचा निर्णय घेत असणार. तेव्हा याच आठवड्यात यजमानांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तुम्ही काय करत होतात ते दोघांच्याही समोर सांगा. यजमान रागावतील, आणि त्यांना रागावण्याचा हक्क आहे. त्यांच्या शरीरात त्यांना न सांगता काही घालण्याचा हक्क मात्र तुम्हाला नव्हता, प्रेमापोटीसुद्धा नव्हता.

यजमानांविषयीही इथेच सांगून टाकते. ‘देवाक काळजी’ हा आपल्या किनाऱ्यावरचा फार सुंदर शब्दप्रयोग आहे आणि तो फार स्वस्तही झाला आहे. मासेमारीच्या बंदीचे दिवस, १ जून ते ३१ जुलै, संपत येतात तेव्हा कोणत्याही बंदरावर जाऊन पाहा. जाळी शिवून होतात, होडीच्या फळ्यांना तेल पाजले जाते, इंजिन उघडून पाहिले जाते, आणि मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो. नारळ दिला म्हणून डिझेल भरायचे राहू द्या, असे म्हणणाऱ्या तांडेलाबरोबर एकही खलाशी जाणार नाही. आपल्या वाट्याचे सगळे करून झालेल्या माणसाने हात जोडून ‘देवाक काळजी’ म्हटले तर ती श्रद्धा असते. गोळीचे पाकीट न उघडता जे म्हटले जाते त्याला आमच्या आजीच्या भाषेत अंग काढून घेणे म्हणत. यजमान तसे का वागत असावेत याविषयी माझा एक तर्क आहे, पण त्याकडे नंतर येते.

आता बुवांनी सांगितलेल्या अभंगाकडे वळते. बुवांचे निरूपण मी ऐकलेले नाही, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही घरी नेला तो अर्थ तुकोबांचा नव्हे. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या चरणाच्या लगेच पुढे ‘चित्ती असो द्यावे समाधान’ असे आहे. म्हणजे राहायचे आहे ते चित्ताने. हातांविषयी तुकोबा तिथे काहीच बोलत नाहीत. त्यापुढचे कडवे लोक बहुधा घाईत म्हणून टाकतात: ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’. उद्वेग वाहिला तर दुःखच हाती येते, असे ते म्हणतात. उद्योग केला तर दुःख होते असे म्हणत नाहीत. आणि शेवटी ‘तुका म्हणे घालू तयावरी भार । वाहू हा संसार देवापायी’. एकाच अभंगात ‘वाहणे’ हे क्रियापद दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे, हे लक्षात घ्या. पाण्याची कळशी वाहणे हे एक वाहणे, आणि देवाला फूल वाहणे हे दुसरे. उद्वेग आपण पहिल्या अर्थाने वाहतो, डोक्यावर घेऊन, मान मोडेस्तोवर. संसार दुसऱ्या अर्थाने वाहायचा आहे. फूल वाहणाऱ्या बाईने ते झाड लावलेले असते, त्याला पाणी घातलेले असते, पहाटे उठून फूल खुडलेले असते. ती फक्त एवढेच करते की देवाच्या पायावर ठेवल्यावर ते पुन्हा उचलून आपल्या केसांत माळत नाही.

तुम्ही मात्र उलटे केलेत. फवारणी देवावर टाकलीत आणि उद्वेग स्वतःजवळ ठेवलात. बागेत न गेलेल्या त्या दिवसांत तुमचे चित्त निवांत होते का? पत्रात तसे कुठे लिहिलेले नाही. हात बांधून घेऊन मन बागेतच फिरत राहिले असणार, आणि तुडतुडा तर तुकोबांचे अभंग वाचत नाही. तो मोहोरातला रस शोषतो, चिकट स्राव टाकतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि हे सगळे ढगाळ, दमट हवेत झपाट्याने होते. दापोलीचे कृषी विद्यापीठ मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक देते ते काही उगाच नाही. मोहोर काळा पडला तो श्रद्धा कमी पडल्यामुळे नव्हे, फवारणी चुकल्यामुळे. एवढा साधा हिशेब तुमच्यासारख्या बागायतदारणीला मी सांगावा हे मला विचित्र वाटते, पण धर्माचे नाव आले की चांगली शहाणी माणसेही आपले रोजचे शहाणपण देवळाबाहेर चपलांपाशी सोडून येतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याविषयी एक श्लोक आहे, जो शरणागतीच्या प्रसिद्ध श्लोकाइतका सांगितला जात नाही. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात, असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान म्हणजे ते जिथे घडते ती जागा, हे शरीर, मग कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली, आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’, दैव हे पाचवे. दैव यादीत आहे, ते वगळलेले नाही. पण ते पाचवे आहे आणि त्याच्या आधीची चार जागेवरून उठून गेलेली नाहीत. लगेच पुढे असेही सांगितले आहे की, असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. यजमान चार कारणे विसरले आहेत आणि तुम्ही पाचवे विसरला आहात. एका घरात दोन्ही विसराळू असले की निभावते कसेबसे, पण झोप कोणालाच लागत नाही.

मग नेमके काय करायचे, हा तुमचा प्रश्न उरतो. मी तुम्हाला एकच कसोटी सुचवते आणि ती तुमच्या मोबाइलपासूनच लावू या. हवामान पाहताना स्वतःला विचारा की, आत्ता जे दिसेल त्यामुळे माझे पुढचे कोणते काम बदलणार आहे? उद्या फवारणी करायची असेल आणि पाऊस येणार असेल, तर औषध धुऊन जाईल. तेव्हा आदल्या संध्याकाळी अंदाज पाहणे हे काम आहे. काढणीच्या दिवसांत गडी बोलावण्याआधी पाहणे हेही काम आहे. पण रात्री दोन वाजता पाहून तुम्ही काय करणार? कलमांवर चादर घालणार? त्या वेळचे पाहणे हे काम नव्हे, ती राखण आहे, आणि राखण करणे हे काम आपल्या गावांनी पूर्वीपासून देवाकडे सोपवलेले आहे. असे पाहिल्याने घडीभर बरे वाटते आणि त्या घडीभराच्या बऱ्यासाठीच मन पुन्हा चार वाजता उठवते. तपासण्याने शंका फिटत नाही, तिला तपासण्याची सवय लागते. शिवाय झाडाचे स्वतःचेही काही चालते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांवर फुले असतात आणि त्यांतली दोन-तीन फळे टिकली तरी आपण झाड लागले म्हणतो. वाटाण्याएवढी, गोटीएवढी, सुपारीएवढी होऊन गळतात ती सगळी काही कोणाच्या निष्काळजीपणाने गळत नाहीत; पोसवणार नाहीत ती झाडच टाकून देते.

तुम्ही पत्रात बारा आण्यांचा उल्लेख केला आहे, तो धरूनच पुढे जाते. आपल्याकडे आंबा सोळा आणे पिकेपर्यंत झाडावर ठेवत नाहीत. चौदा आणे तयार झाला की देठासकट काढतात. झाडावर जास्त राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याची शक्यता वाढते आणि साका बाहेरून दिसत नाही. देखणे फळ कापल्यावर आत पांढरट आणि आंबट निघते. म्हणून उरलेले दोन आणे आढीत होतात, वाळल्या गवताच्या उबेत, अंधारात. आढी लावणे हे कौशल्य आहे, एखादे कुजके फळ निघते का हे पाहणे हेही काम आहे; पण जो पोर तासातासाला गवत उपसून आंबे दाबून पाहतो त्याच्या पाठीत धपाटा बसतो, कारण दाबलेला आंबा पिकत नाही, डागळतो. घरात तुम्ही असा धपाटा इतरांना घालत आला असाल. रात्री दोन वाजता मात्र गवत उपसणारा हात तुमचाच असतो.

सगळ्याच बाबतींत प्रमाण चौदा आणि दोनचे असते असे मात्र समजू नका. फवारणीत तुमचे चौदा आणे आहेत. यजमानांच्या गोळ्यांत तुमचे फार तर चार आणे: वेळेवर समोर ठेवणे, डॉक्टरांकडे नेणे, रागावणे. गिळायची ती त्यांनीच. आणि मुलाच्या निर्णयात तुमचा वाटा किती, यावर आपले मतभेद होतील असे दिसते.

त्याआधी माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलते आहे असे वाटणार नाही. माझे माहेर दापोली तालुक्यातले. आईवडील गेल्यावर घर आणि पोफळीची बाग धाकट्या भावाकडे आली आणि मी पुण्यात बसून ती वर्षानुवर्षे फोनवरून सांभाळली. शाकारणी झाली का, पंप दुरुस्त केलास का, सुपारी कोणाला घातलीस, असे दिवसातून दोन-तीन फोन माझे ठरलेले असत. मी त्याला मदत करते असे मला वाटे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक दिवस भावाचा काहीच पत्ता लागला नाही. त्या दिवसांत मी केलेले नवस मोजले असते तर फेडायला दुसरा जन्म लागला असता. दहा-बारा दिवसांनी फोन लागला. अर्धे छप्पर उडाले होते, निम्म्या पोफळी मधूनच मोडल्या होत्या, पण घरातली माणसे सुखरूप होती आणि गावातल्या पोरांना जमवून भावाने ताडपत्री ओढून घेतली होती, रस्ता मोकळा केला होता, विहिरीतला पाला काढला होता. मी रडत म्हटले, “अरे, मी इथे किती काळजी करत होते!” तो म्हणाला, “ताई, खरे सांगू? फोन बंद होता म्हणून कामे झाली.” मला त्या वाक्याचा राग दोन वर्षे होता. नंतर गेला, असे म्हणू या.

आता मुलाविषयी. तिसऱ्यांदा लावलेला कौल हा कौल नव्हे, ती देवाची उलटतपासणी झाली. कौलावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडत नाही. पण जो विश्वास ठेवतो त्याने आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू नये, एवढे तर कोणताही गुरव सांगेल. त्याहून मला खटकले ते हे की, पहिले दोन डावे आले ही गोष्ट तुम्ही मुलाला सांगितली नाहीत. तुमची स्वतःची भीती तुम्ही देवाच्या सहीने पाठवलीत. ते पत्र मागे घ्या. त्याला सांगा की देवाने काय सांगितले मला ठाऊक नाही, पण मला भीती वाटते. ही कबुली तुम्हाला कौल लावण्यापेक्षा अवघड जाईल.

भीती खरी असेल तर तिचे प्रश्न करता येतात आणि प्रश्न विचारणे हे आईचे कामच आहे. घर किनाऱ्याच्या किती जवळ आहे, आणि सागरी किनारा नियमनाची परवानगी लागते का? कर्ज किती, आणि पावसाळ्याचे चार महिने पर्यटक रोडावले तर हप्ता कशातून जाणार? एप्रिल-मेमध्ये विहिरीला घरापुरते तरी पाणी असते का, आणि ऐन त्याच दिवसांत पाहुणे भरपूर असणार, त्यांना अंघोळीला काय देणार? शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्याखाली नोंदणी करून आधी दोन खोल्यांवर वर्षभर पाहता येईल का? ही चौकशी त्याने केलेली असेल तर तुमचा निम्मा विरोध मावळेल, आणि नसेल तर तो स्वतःच थांबेल. त्यानंतरचा निर्णय त्याचा. भगवंतांनी अर्जुनाला सतरा-अठरा अध्याय समजावून सांगितले आणि अखेरीस म्हटले, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’: या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. ‘मामेकं शरणं व्रज’ हे त्यानंतर तीन श्लोकांनी आले आहे. आधी मोकळीक आणि मग शरण या, असा तो क्रम आहे. प्रत्यक्ष देवाने ज्या ठिकाणी हात आखडता घेतला, तिथे तुम्ही आणि मी आपल्या लेकरांचा हात धरून लिहवून घेतो.

गावच्या देवळात गाऱ्हाणे घालतात ते तुम्ही लहानपणापासून ऐकले असेल. ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून सगळे नावानिशी सांगितले जाते: कोणाचे पोर आजारी आहे, कोण मुंबईला आहे, शेतीवाडी, गुरेढोरे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मला त्या रीतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे काही लपवले जात नाही, भीती आणि लोभ दोन्ही चारचौघांत बोलून दाखवले जातात. आणि दुसरी म्हणजे गाऱ्हाणे संपते. नारळ फुटतो, शेरणी वाटली जाते आणि माणसे चपला घालून घरी जातात. देव आता काय करतो हे पाहायला कोणी गाभाऱ्याशी रात्रभर बसून राहत नाही. तुमच्या रात्रीसाठी मी हेच सुचवते. झोपण्यापूर्वी उद्या सकाळी करायची कामे वहीत लिहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मग तुमच्याच बोलीत तुमचे गाऱ्हाणे घाला. ‘होय म्हाराजा’ म्हणायला कोणी नसले तर स्वतःच म्हणा. पहिले आठ-दहा दिवस जाग येईल आणि हात मोबाइलकडे जाईल, कदाचित धडधड वाढेलही. उठून बसा, पाणी प्या, त्या खोलीत जाऊ नका.

यासोबत स्वतःलाही डॉक्टरांना दाखवा. तुमच्या वयात झोप उडणे आणि छाती धडधडणे याला पाळी जाण्याच्या काळातले बदल, थायरॉइड, रक्तदाब, रक्ताची कमतरता अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांपैकी एकालाही अभंगाचा उतारा नाही. मनावरचा ताण बोलून दाखवावासा वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक निःशुल्क आहे, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींकडे येते, ज्यांच्याखाली तुम्ही ‘पण ते आता जुने झाले’ असे लिहिले आहे. ते जुने झालेले नाही. सहा पाने तुम्ही हवामान, कौल, गोळ्या यांविषयी लिहिलेत आणि नेमकी तारीख एकाच गोष्टीची दिलीत. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. वादळाचा इशारा आधी आला होता. तुमचे ऐकून काढणी झाली असती तर काही फळ वाचले असते, कमी भावाने का होईना विकले गेले असते. पण यजमान म्हणाले तेही चूक नव्हते. बारा आण्यांचे फळ झाडावर ठेवणे हे जन्मभर बाग केलेल्या माणसाचे शहाणपण आहे आणि दर वर्षी ते खरे ठरते. त्या वर्षी ठरले नाही. दोन माणसे बरोबर होती आणि फळ जमिनीवर पडले, ही गोष्ट पचवायला फार कठीण आहे. त्यापेक्षा कोणीतरी चुकले असे मानणे सोपे जाते. तेव्हापासून तुम्ही एकही निर्णय दुसऱ्याच्या हाती राहू दिला नाहीत, देवाच्याही नाही. आणि माझा तर्क असा आहे की, तेव्हापासूनच यजमानांनी एकही निर्णय घेतलेला नाही. ज्याच्या एका शब्दावर वर्षाचे उत्पन्न गेले आणि ज्याला त्याबद्दल घरात कोणी बोललेही नाही, बोल लावलाही नाही, तो माणूस ‘देवाक काळजी’ म्हणू लागला तर त्यात भक्ती किती आणि धास्ती किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. तुमची पकड आणि त्यांची ढिलाई मला एकाच संध्याकाळच्या दोन बाजू वाटतात. मी चुकत असेन. मी तुमच्या घरात राहत नाही. पण बाग तुम्ही ‘गेली काही वर्षे’ पाहता आहात असे लिहिले आहे. ती वर्षे २०२१पासूनची आहेत का, एवढे मला कळवा.

तसे असेल तर त्या दिवसाविषयी त्यांच्याशी एकदा बोला. बागेत बोला, घरात नको. दोष काढू नका आणि माफही करू नका, कारण माफ करण्यासारखे त्यांनी काही केलेले नाही. मला अजून ते पडलेले आंबे दिसतात, एवढे सांगितलेत तरी पुरे. त्यांनाही दिसत असणार.

आणि या वर्षी फळ भरू लागले की, पहिली काढणी कोणत्या दिवशी करायची हे त्यांना ठरवू द्या. ते म्हणतील तू सांग. तुम्ही सांगू नका. देठ पाहून, खांदा भरला का ते पाहून, दोन दिवस मागेपुढे करत ते एक दिवस सांगतील. त्या दिवशी गडी बोलवा, गवत सुकवून ठेवा आणि पेट्या मोजून घ्या. तोवर रोज सकाळी गोळ्या पेजेत नव्हे, पेजेच्या शेजारी, पाकिटासकट ठेवत जा.